‘घासा, आपटा, तापवा’: कंट्रोल ड्रायव्हरवरच्या एका फिरत्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडे डिस्क गोल्फ (कमीत कमी फेकींत तबकडी साखळ्यांच्या टोपलीत टाकायचा खेळ) खेळणारे आपण मोजकेच. त्यामुळे एखादा मेसेज फिरायला लागला की तो प्रत्येकाच्या मोबाइलवर दोन-तीनदा येऊन पडतो. सध्या फिरतोय तो ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, कसा घ्यावा आणि कसा ‘तयार करावा’ याचा. त्याचा सारांश असा: ड्रायव्हर सगळ्यात जास्त स्पीडचाच घ्या, कंट्रोल ड्रायव्हर (मधल्या स्पीडचा, ताब्यात राहणारा) हा पैसे वाया घालवायचा मधला टप्पा आहे. वजन १७५ ग्रॅमच हवं. प्लास्टिक सगळ्यात कडक हवं. नवी डिस्क डावीकडे पडते, म्हणून तिची कड सँडपेपरने घासा, नाहीतर दगडावर आपटा, नाहीतर मे महिन्यात दोन दुपारी पत्र्यावर ठेवा. आणि मऊ पडली, म्हणजे झिजून डावीकडे ओढेनाशी झाली, की फेकून द्या.

पाचही गोष्टींत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच मेसेज पटतो. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट, ‘जास्त स्पीड म्हणजे जास्त लांब’. पुरावा म्हणून डेव्हिड विगिन्स ज्युनियरचा २०१६ चा विक्रम दिलाय, ३३८ मीटर. आकडा बरोबर आहे. पण तो थ्रो अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात, पाठीवर जोराचा वारा घेऊन, निव्वळ अंतरासाठी मारलेला होता. पुढे टोपली नव्हती, मध्ये बाभळी नव्हत्या, डावीकडे कोणाचं केळीचं शेत नव्हतं.

डिस्कवर जे चार आकडे छापलेले असतात ते स्पीड, ग्लाइड (हवेत किती तरंगते), टर्न आणि फेड. थंडरबर्ड या कंट्रोल ड्रायव्हरवर ९, ५, ०, २ असतात, डिस्ट्रॉयर या जास्त स्पीडच्या ड्रायव्हरवर १२, ५, उणे १, ३. यातला पहिला आकडा डिस्क किती वेगाने जाईल हे सांगत नाही. ती छापल्यासारखी उडावी म्हणून तुम्ही ती किती वेगाने सोडली पाहिजे, हे तो सांगतो. उजव्या हाताच्या बॅकहँडने (हात छातीसमोरून आडवा आणून) सोडलेली डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. पुरेशा वेगात असताना ती उजवीकडे कलायला बघते, तो टर्न. वेग ओसरला की डावीकडे वळून खाली येते, तो फेड. (डावखुऱ्यांनी आणि फोरहँडवाल्यांनी दिशा उलट वाचाव्यात.) आता बारा स्पीडची डिस्क साठ मीटरवाल्या हाताने सोडली तर काय होतं? टर्न यायला लागतो तो वेग तिला मिळतच नाही. हातातून सुटल्यापासून तिचा फेडच सुरू होतो. मग मैदानावर ऐकू येतं ते नेहमीचं, ‘डिस्क डाव्या हातलेच पयस भो, काय करू?’

काय करायचं, तर स्पीड उतरवायचा. खेळाडूंमध्ये एक ठोकताळा चालतो: सपाट जमिनीवर, वारा नसताना तुम्ही जितके मीटर फेकता त्याला दहाने भागा, साधारण तेवढ्या स्पीडची डिस्क तुमच्या हाताला ऐकते. तंतोतंत नाही, पण दिशा बरोबर दाखवतो. साठ-सत्तर मीटरवाल्याने लेपर्ड (६, ५, उणे २, १) किंवा टीबर्ड (७, ५, ०, २) घ्यावी. नव्वदच्या आसपास गेलात की नऊ स्पीडचे खरे कंट्रोल ड्रायव्हर. आमच्यातल्या बऱ्याच जणांची टीबर्ड त्यांच्याच डिस्ट्रॉयरपेक्षा पुढे पडते. खात्री नसेल तर एका संध्याकाळी दोन्ही पाच-पाच वेळा फेका आणि पावलं मोजा.

शिवाय बोटांचा प्रश्न आहेच. स्पीड वाढतो तशी कड रुंद होत जाते. डिस्ट्रॉयरची कड जवळपास २.२ सेंटीमीटर आहे, नियमाने जास्तीत जास्त २.६ चालते. कंट्रोल ड्रायव्हरची याहून अरुंद असते आणि बोटांची टोकं आतल्या भिंतीला नीट टेकतात. पकड सैल असेल तर डिस्क डगमगत सुटते, आणि डगमगणाऱ्या डिस्कला छापलेले आकडे लागूच होत नाहीत. आणखी एक: हे आकडे कंपन्या आपापल्या ठरवतात, पीडीजीए (खेळाचे नियम ठरवणारी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना) ते तपासून देत नाही. एका कंपनीचा नऊ आणि दुसरीचा नऊ सारखे असतीलच असं नाही. मिळालं तर मित्राची डिस्क आधी फेकून बघा, मग मागवा. बाहेरून मागवायची वस्तू, भाडं आणि कस्टम भरून आलेली डिस्क परत कोण पाठवतंय!

वजनाकडे येऊ. १७५ हा आकडा पवित्र वगैरे काही नाही, तो गुणाकारातून आलाय. पीडीजीएचा नियम म्हणतो, व्यासाच्या प्रत्येक सेंटीमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम. ड्रायव्हरचा व्यास बहुधा २१.१ सेंटीमीटरच्या आसपास, गुणा करा, १७५ आलं. म्हणजे ती वरची मर्यादा आहे. ‘वजनदार तीच चांगली’ असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. हलकी डिस्क कमी ताकदीत वेग घेते आणि लवकर कलते, त्यामुळे नव्या खेळाडूला, शाळकरी मुलामुलींना १५० ते १६५ मधली कितीतरी सोयीची. जड डिस्क वाऱ्यात टिकते हे मात्र खरं, आणि आपल्याकडे वाऱ्याला तोटा नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन खेळायचं असेल तर १७०-१७५ ठीक. समोरून वारा आला की डिस्कला हवा जास्त वेगाने लागते, ती गरजेपेक्षा जास्त कलते, तिथे वजन आणि फेड दोन्ही कामाला येतात. बाकी वेळ हाताला झेपेल ते घ्या.

प्लास्टिकच्या मुद्द्यावर मेसेजवाला स्वतःच स्वतःचं म्हणणं खोडतो. एकीकडे म्हणतो, सगळ्यात कडक, न झिजणारं घ्या. दुसरीकडे म्हणतो, ते लवकर झिजवा. अरे, मग झिजणारंच घे ना!

महाग प्लास्टिक, म्हणजे चॅम्पियन, स्टार वगैरे, चिवट असतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. साधं डीएक्स झाडाला चार दणके खाल्ले की बदलायला लागतं. त्यातही एकाच साच्यातली (म्हणजे एकाच मॉडेलची) डिस्क चॅम्पियनमध्ये डावीकडे जास्त ओढते, डीएक्समध्ये कमी, असाच सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणजे सरळ जाणारी डिस्क हवी असणाऱ्याने डीएक्स टीबर्ड घेतली तर ती पहिल्या दिवसापासून मवाळ आणि काही आठवड्यांत आणखी मवाळ. पैसेही कमी. चॅम्पियन घ्यायची ती वाऱ्यासाठी, आणि आज जशी पडते तशीच पुढच्या दिवाळीलाही पडावी म्हणून. एक अडचण सांगून ठेवतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कडेला बसला की चॅम्पियनचा गुळगुळीतपणा हातातून निसटतो. पिशवीत जुना टॉवेल ठेवा, शक्यतो दोन.

आता सँडपेपर. याच मुद्द्यासाठी लिहायला बसलो, कारण हे वाचून मुलं खरोखर डिस्क घासायला लागली आहेत. परवा एकाने थंडरबर्ड हातात दिली. कड पांढुरकी झालेली, अंगठा फिरवला तर मांजरपाट कापडासारखी खरबरीत, आणि एका बाजूला दुसरीपेक्षा जास्त खाल्लेली. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून फिरवली तर कडेच्या मधली रेघ वरखाली होताना स्पष्ट दिसत होती. ती रेघ म्हणजे वरचा आणि खालचा साचा जुळतो ती जागा. ती कडेवर जितकी उंच, तितकी डिस्क साधारणपणे डावीकडे ओढणारी. डिस्क मुरते म्हणजे झाडं, जमीन, साखळ्या यांचे बारीक मार सगळ्या बाजूंनी खात खात तिची कड हळूहळू खाली दबते, घासते, ओरखडे घेते, आणि फिरत असल्यामुळे हा मार आपोआप वाटला जातो. सँडपेपर प्लास्टिक काढून टाकतो, तेही हात जिथे पोचेल तिथलंच. पावडर मारून पिकवलेल्या केळीसारखं हे, साल पिवळी आणि आत कच्चं. रावेर-यावलच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

नियमाचंही ऐका. डिस्कच्या उडण्यात फरक पडेल असा कुठलाही बदल नंतर करायचा नाही, असं पीडीजीएचा नियम सांगतो. खेळून झालेली झीज चालते. साच्यातून येताना राहिलेला प्लास्टिकचा बारीक पापुद्रा किंवा खेळताना पडलेला टोचरा ओरखडा हलका घासून गुळगुळीत करणंही चालतं, ते बिनधास्त करा, बोटं वाचतील. अति घासलेली डिस्क मात्र बेकायदेशीर, आणि स्पर्धेत ती फेकली की दंडाचे दोन थ्रो. मेसेजमध्ये याचा उल्लेख नाही.

दगडावर आपटण्याचं तर बोलायलाच नको. आपला दगड काळा बेसाल्ट. त्यावर हाताने आपटली की एकाच जागी खोल खाच पडते, आणि खाच पडलेली कड पुढच्या थ्रोला बोट कापते.

पत्र्याचा प्रयोग सगळ्यात वाईट. मे महिन्यात जळगाव-भुसावळची हवाच ४४-४५ अंशांवर असते, पत्र्यावर हात टेकवत नाही. डिस्क तिथे मुरत नाही, वाकते. घुमट बसतो किंवा फुगतो, कड पिळवटते. कधी जास्त डावीकडे जाईल, कधी हवेत थरथरेल, काही सांगता येत नाही. बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेल्या डिस्कचंही हेच होतं, तेव्हा उन्हाळ्यात पिशवी गाडीत विसरू नका.

या सगळ्यात उन्हाळ्याचा एक वेगळाच खेळ आहे आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. तापलेली हवा विरळ असते. डिसेंबरच्या सकाळी १२ अंश आणि मेच्या दुपारी ४३ अंश, यात हवेच्या घनतेत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. हिवाळ्यात मैदान सोडून हजारेक मीटर वर, म्हणजे साधारण तोरणमाळच्या उंचीला जाऊन खेळावं, तेवढा हा फरक. विरळ हवेत डिस्क कमी तरंगते, कमी कलते आणि डावीकडे लवकर पडते. आता बघा, उन्हाळी सुट्टीत मुलगा नवी डिस्क घेतो, ती डावीकडे पडते, तो मेसेज वाचतो, घासतो, समाधानी होतो. दिवाळीनंतर हवा थंड झाली की तीच डिस्क उजवीकडे वळून जमिनीला लोळायला लागते. मग पुन्हा मेसेज, ‘नवी कोणती घेऊ?’

मग मुरवायची कशी? खेळून. नवी डिस्क मोकळ्या मैदानात चार वेळा वर फेकून काही होणार नाही. ती फेऱ्यांमध्ये वापरा, कडुनिंबाच्या खोडांमधून काढा, आदळू द्या. आपली जमीन तुमच्यासाठी निम्मं काम करते. उन्हाळ्यात भेगाळलेली, ढेकळांची काळी जमीन आणि कडेला मुरूम, त्यावर घसरत गेलेली डीएक्स एका मोसमात ओळखू येत नाही. चॅम्पियनला वेळ लागतो, लागू द्या. आणि घाई असेलच, तर आधी हात बघा. डिस्कचं नाक (पुढची कड) वर धरून सोडली तर जगातली कुठलीही मुरलेली डिस्क डावीकडेच पडणार. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढला तर लगेच दिसतं. माझा अंदाज असा की ‘ही डिस्क घासायला हवी’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं नाक वर असतं.

शेवटचा मुद्दा, मऊ पडलेली डिस्क फेकून देण्याचा. यावर फार लिहीत नाही. पाच वेगवेगळे ड्रायव्हर घेण्यापेक्षा एकाच साच्याचे दोन-तीन घ्या, वेगवेगळ्या वेळी. नवी टीबर्ड समोरच्या वाऱ्यात आणि डावीकडे वळणाऱ्या होलला (एका टोपलीपर्यंतच्या वाटेला). अर्धी मुरलेली सरळ गल्लीतून. पार झिजलेली उजवीकडे वळवायला, पाठीवरच्या वाऱ्याला आणि जमिनीवरून लोळवायला. तिन्हींची पकड एकच, त्यामुळे हाताला नव्याने काही शिकवावं लागत नाही. मेहरूण तलावाच्या बाजूला फेकायची वेळ आली तर ती झिजलेलीच काढा. ड्रायव्हर पाण्यात पडला की बहुधा बुडतो, आणि नवी चॅम्पियन शोधायला तळ्यात कोण उतरणार?