बॉन्ड ‘जसाच्या तसा’ होता कधी?

बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंतच्या सिनेमावेड्या मंडळींत फेब्रुवारी 2025 पासून एक मजकूर फिरतो आहे. बॉन्डपट काढणाऱ्या ब्रोकोली कुटुंबाने साठ वर्षं जेम्स बॉन्ड जसाच्या तसा जपला, आता अमेझॉनने तो विकत घेतला, कंपनी त्याला आधुनिक करून मारणार, आणि थिएटरात तर तो पुन्हा दिसायचाच नाही, असं त्यात म्हटलंय. बॉन्डवर माझा जीव आहे, म्हणूनच हे न तपासता पुढे ढकललेलं बघवत नाही.

‘विकत घेतला’ इथेच गफलत आहे. अमेझॉनने 2022 मध्ये एमजीएम ही हॉलिवूडची चित्रपट कंपनी घेतली, सौदा 8.45 अब्ज डॉलरचा. त्यातून बॉन्डमधला वाटा आला, पण चित्रपट कधी काढायचा, नट कोण घ्यायचा हे बार्बरा ब्रोकोली आणि तिचा सावत्र भाऊ मायकेल विल्सनच ठरवत होते. 2025 मध्ये तो शेवटचा शब्द अमेझॉनकडे गेला. मालकीत कुटुंब अजूनही भागीदार आहे. आणि वाटा कंपनीकडे जाण्याची ही पहिली वेळ नाही: सुरुवातीपासूनचे भागीदार हॅरी सॉल्टझमन यांनी आपला हिस्सा 1975 मध्येच युनायटेड आर्टिस्ट्स या चित्रपट कंपनीला विकला होता.

‘जसाच्या तसा’ हे तर अजिबात खरं नाही. 1995 च्या ‘गोल्डनआय’मध्ये बॉन्डची वरिष्ठ एक बाई आहे, आणि ती त्याला तोंडावर सुनावते की तू बायकांना कमी लेखणारा डायनासोर आहेस. हा चित्रपट याच भावंडांनी काढलेला. बॉन्डचा जन्मदाता लेखक इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांतले वंशद्वेषी शब्द 2023 च्या नव्या आवृत्तीत काढले, तेही फ्लेमिंग कुटुंबाच्याच प्रकाशन कंपनीने. आपल्याकडचं बोलायचं तर सीमाभागात कितीतरी जणांचा बॉन्ड हिंदी डबिंगमधला. 2015 मध्ये ‘स्पेक्टर’मधली चुंबनं सेन्सॉर बोर्डाने निम्म्यावर आणली, तेव्हा कोणी म्हणालं नाही की बॉन्ड मेला.

हात बदलले की कलाकृती मरते, असं बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाने म्हणावं याचं मला जास्त वाईट वाटतं. आपल्याच गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 मध्ये गेले. त्यांची नाटक मंडळी पुढेही चालली. 1911 मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ तिनेच रंगभूमीवर आणलं. 1913 मध्ये बालगंधर्व बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. यात अण्णासाहेबांचं ‘सौभद्र’ बुडालं का? रात्रभर रंगणाऱ्या त्या नाटकातली कितीतरी पदं गाळून आज ते काही तासांत बसवतात. तरीही ‘प्रिये पहा’ सुरू झालं की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं मांडीवर ठेका धरतात, आणि संपताना मागून ‘वन्समोअर’ येतोच. काटछाट करणाऱ्यांना त्या नाटकाचा जीव कशात आहे हे कळलं होतं, एवढंच.

थिएटरची भीती दोन वाक्यांत संपते. कंपनीने जून 2025 मध्ये नव्या बॉन्डपटासाठी दिग्दर्शक निवडला तो ‘ड्यून’वाला डेनी विलनव, मोठ्या पडद्यासाठीच विचार करणारा माणूस. त्याच्या निर्मात्यांपैकी डेव्हिड हेमन यांनी हॅरी पॉटरचे आठही चित्रपट केलेत.

मग काळजीचं काहीच नाही का? आहे, पण ती या मजकुरात नाही. स्ट्रीमिंग कंपनीला सतत काहीतरी नवं लागतं. 2023 मध्ये अमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओवर 007 या बॉन्डच्या क्रमांकाच्या नावाने एक स्पर्धेचा कार्यक्रमही आला. इथे लोक म्हणतात, ब्रोकोली कुटुंबाने असल्या फाटे फोडण्याला कायम नकार दिला. पण 2002 च्या बॉन्डपटातल्या जिंक्स या बाईवर वेगळा चित्रपट काढायची तयारी कुटुंबानेच चालवली होती. तो थांबवला एमजीएमने.

मला खरी खटकली ती ऑक्टोबर 2025 मधली गोष्ट. प्राइम व्हिडिओवर जुन्या बॉन्डपटांच्या पोस्टरांतली पिस्तुलं पुसलेली दिसली. कुठे हात नुसताच वर धरलेला, कुठे पोस्टर असं कापलेलं की हातच दिसू नये. हे आधुनिक करणं नव्हे, दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या कामावर बोळा फिरवणं आहे. नव्या बॉन्डला विलनव हवा तसा घडवू दे, आवडला नाही तर आपण तसं सांगू. पण 1962 पासूनच्या त्या पंचवीस चित्रपटांतल्या एका चौकटीलाही हात लागला तर ओरडायलाच हवं. ऑक्टोबरात लोक ओरडले, आणि ती पोस्टरं बदलावी लागली.