तीन इंजिनं कशाला? चेंगदूच्या विमानाचे फोटो कसे वाचायचे

चीनच्या चेंगदू या विमान कंपनीच्या तीन इंजिनांच्या, बिनशेपटीच्या लढाऊ विमानाचा (लोक त्याला ‘जे-३६’ म्हणतात) नवा फोटो आला की दोन पोस्ट हमखास फिरतात. एक, ‘अमेरिका संपली’. दुसरी, ‘चायना माल, दिवाळीपर्यंत तरी टिकेल का?’ दोघांनीही फोटो नीट पाहिलेला नसतो.

आधी नावाचं बघू. ‘जे-३६’ हे चीननं जाहीर केलेलं नाव नाही. २६ डिसेंबर २०२४ ला (माओचा जन्मदिवस, हवं तर योगायोग समजा) हे विमान भरदिवसा लोकांना दिसलं. पुढे नाकाजवळ ३६०११ हा आकडा वाचता आला. चीनच्या आधीच्या जे-२० या लढाऊ विमानाच्या प्रोटोटाइपवर (चाचणीसाठी बनवलेल्या नमुन्यांवर) २००१, २०११ असे आकडे असायचे, म्हणून जाणकारांनी त्यातून ३६ उचललं. त्याच दिवशी शेनयांग या दुसऱ्या चिनी कंपनीचं दोन इंजिनांचं विमानही दिसलं, तेही बिनशेपटीचं. त्याला कुणी जे-५० म्हणतं, कुणी जे-एक्सडीएस. सगळी बारशाआधीची नावं.

आता आकार. सोबत दोन सीटांचं जे-२०एस उडत होतं, म्हणून हिशेब मांडता येतो. एकाच फ्रेममधली दोन्ही विमानं नाकापासून टोकापर्यंत पिक्सेलमध्ये मोजायची, जे-२० ची लांबी साधारण २१ मीटर धरायची आणि त्रैराशिक करायचं. चुकतं ते इथे: सोबतचं विमान कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर ते मोठं दिसतं, आणि नवं विमान आहे त्यापेक्षा लहान मोजलं जातं. विमान जरा तिरकं असलं तरी लांबी आखडते. लांबीत ५ टक्के चूक झाली की घनफळात ती जवळपास १६ टक्के होते, आणि वजनाचा अंदाज त्याच प्रमाणात हलतो. त्यामुळे ४५ टनवाले आणि ५५ टनवाले कमेंटमध्ये भांडतात ते फुकट. एकाच फोटोतून दोन्ही आकडे निघतात. त्यापेक्षा चाकांकडे बघा. पहिल्या प्रोटोटाइपला प्रत्येक बाजूला मुख्य चाकं दोन, एकामागे एक. रशियाच्या सु-३४ ला अशीच रचना आहे आणि ते ४५ टनांच्या आसपास वजन घेऊन उडतं. हलक्या फायटरला अशी चाकं सहसा लावत नाहीत.

खरा वाद तिसऱ्या इंजिनाचा. माझं मत स्पष्ट आहे: यात हौस कमी, नाइलाज जास्त. डब्ल्यूएस-१० या घराण्यातलं चिनी इंजिन आफ्टरबर्नर लावून (म्हणजे मागच्या झोतात जादा इंधन जाळून) साधारण १४ टन रेटा देतं. विमान ५० टनांचं धरलं तर दोन इंजिनांत २८ टन, म्हणजे वजनाच्या ०.५६ पट. तीन इंजिनांत ४२ टन, ०.८४ पट. उंचावर सुपरसॉनिक वेग धरून ठेवायचा तर पहिला आकडा तोकडा पडतो. शिवाय मोठ्या रडारला वीज लागते, तीही इंजिनावरच्या जनरेटरमधून येते.

पण याची किंमत मोजावी लागते. मधल्या इंजिनाची हवा पाठीवरून आत जाते. नाक जास्त वर उचललं की पाठीवरचा प्रवाह विस्कटतो, इनटेकला (हवा आत घेणाऱ्या तोंडाला) धड हवा मिळत नाही आणि कॉम्प्रेसर गुदमरतो. म्हणजे हे गिरक्या घेत डॉगफाइट करणारं विमान नव्हे. उंचावरून लांब जायचं, लांबूनच मारायचं आणि परत यायचं, हे त्याचं काम. पोटातली शस्त्रपेटी बघा. जे-२० च्या मुख्य पेटीत साधारण ४ मीटरची, विमानं पाडणारी पीएल-१५ क्षेपणास्त्रं चार बसतात. सुमारे ६ मीटरचं पीएल-१७ बसत नाही, आणि ते आहेच टँकर (हवेत इंधन भरणारी विमानं) आणि अवॅक्स (टेहळणीची उडती रडार) पाडण्यासाठी. नव्या विमानाची लांब पेटी त्याच्यासाठी असावी, असा माझा अंदाज. टँकर पडले की प्रशांत महासागरावर अमेरिकी फायटरना मागे राहावं लागतं.

शेपटी का काढली? उभ्या शेपट्या बाजूने येणाऱ्या रडारला चांगल्या दिसतात. व्हीएचएफ या लांब लहरींच्या रडारची तरंगलांबी १ ते १० मीटर, शेपटीचं मापही त्याच पट्ट्यातलं, म्हणून प्रतिध्वनी आणखी वाढतो. शेपटी गेली की नाक डावी-उजवीकडे वळवायला पंखाच्या टोकाची फळी वर-खाली फाकवावी लागते. अमेरिकेचं बिनशेपटीचं बी-२ बॉम्बर हेच करतं. फळी फाकली की हवेची मागे खेचणारी ओढ वाढते आणि रडारवरची खूणही वाढते. ऐन मोक्याच्या वेळी ती मिटूनच ठेवायची, तर मग विमान सरळ ठेवायचं कसं? ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसरा प्रोटोटाइप दिसला, त्यात नॉझल (इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी तोंडं) बदललेले आणि मुख्य चाकं शेजारी-शेजारी आलेली. नॉझलनं झोत वळवून तेच काम करून घ्यायचा विचार दिसतो.

पहिल्या दर्शनानंतर दहा महिन्यांत नॉझल आणि चाकं बदलली, म्हणजे डिझाइन अजून पक्कं झालेलं नाही. जे-२० जानेवारी २०११ मध्ये उडालं, २०१४ मध्ये बरंच बदललेला प्रोटोटाइप आला आणि २०१७ मध्ये ते सेवेत दाखल झालं. हाच वेग धरला तरी नवं विमान २०३०-३१ च्या आधी सेवेत येईल असं मी तरी धरत नाही.

आपल्याकडच्या चॅनेलांनी यावर जो घसा कोरडा केला, त्यातला निम्मा जे-२० साठी राखायला हवा होता. मे २०२४ मध्ये सहा जे-२० तिबेटमधल्या शिगात्सेच्या विमानतळावर उपग्रहाच्या फोटोत दिसली, सिक्कीमच्या सीमेपासून १५० किलोमीटरच्या आत. तिथली उंची जवळपास ३,८०० मीटर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे उडताना इंधन किंवा शस्त्रं कमी घ्यावी लागतात. ५० टनांच्या धुडाला तर तिथे आणखीच जड जाईल. ॲम्का या आपल्या नियोजित लढाऊ विमानाला १५,००० कोटींची मंजुरी मार्च २०२४ मधली. त्याचं पहिलं उड्डाण अजून व्हायचंय.

पुढचा फोटो आला की रंगरूप सोडा, नाकाच्या पुढे आलेली ती लांब नळी शोधा. हवेचा वेग आणि दाब मोजायची ही चाचणीची नळी रडारला लख्ख दिसते, म्हणून सेवेतल्या स्टेल्थ (रडारपासून लपणाऱ्या) विमानावर ती ठेवत नाहीत. ती दिसतेय तोवर ‘तैनात झालं’ म्हणणाऱ्याला खुशाल म्यूट करा.