धाप गाडीला, घाम ड्रायव्हरला

उंच डोंगरात गाडी रडायला लागली की आधी ड्रायव्हरची लायकी निघते. शेजारच्या सीटवर सासरे असतील तर ती सभ्य भाषेत निघते, एवढाच फरक.

"जावईबापू, गिअर चुकला का?"

"नाही बाबा, हवा विरळ आहे."

"काच बंद आहे, विरळ कशी होईल?"

३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी उतरलेला असतो. ऑक्सिजनचा वाटा तोच, २१ टक्के. पण मुळात हवाच कमी, म्हणून सिलिंडरच्या वाट्यालाही कमीच येते. इंजेक्शनवाली गाडी समजूतदार, सेन्सरने हवा मोजून पेट्रोलही तेवढंच सोडते. साहजिकच टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं. म्हणजे ७० टक्के घोडे हजर आणि माणसं मात्र शंभर टक्के, बॅगांसकट.

"पेट्रोलमध्ये भेसळ असणार," बाबांनी निकाल दिला. "भावोजी, एअर फिल्टर चोक झालाय," मागून मेहुणा. सासूबाईंना तर जुनी स्कूटर आठवली, "ती कशी तक्रार न करता चढायची!" तिला कार्ब्युरेटर होता, हवा-पेट्रोल मिसळणारा, पण सेन्सर नसलेला. वर हवा कमी झाली तरी पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक तेवढंच, मग मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, प्लगवर काजळी, मागे काळा धूर. जाणकार लहान जेट बसवून घ्यायचे. "धूर फार सोडायची हो," हे मी त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

तेवढ्यात एक टर्बोवाला ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. टर्बो विरळ हवा दाबून इंजिनात कोंबतो. सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने १९१८ साली विमानाचं इंजिन ट्रकवर लादून अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, ४,३०० मीटरवर नेलं आणि हेच सिद्ध केलं. त्यांच्या शेजारी सासरे बसल्याची नोंद नाही.

मायलेज घसरलं त्याचं खापरही सगळ्यांनी हवेवर फोडलं. आता पटली होती ना हवा! खरा चोर चढ. दीड टनाची भरलेली गाडी हजार मीटर नुसती वर उचलायलाच दीड-पावणेदोन लिटर पेट्रोल जातं. उलट वर सपाटीवर एकाच वेगाने चालवा, विरळ हवेचा विरोध कमी, थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जास्त उघडा ठेवावा लागतो म्हणून हवा ओढायचे कष्टही कमी. मायलेज चक्क सुधारू शकतं. आमचंही सुधारलं. बाबांच्या मते, त्यांनी एसी बंद करायला लावला म्हणून. तेही अगदीच खोटं नव्हतं, आणि हेच जास्त झोंबलं.

उतार लागला. "भावोजी, न्यूट्रलमध्ये सोडा, फुकटात जाईल."

"अरे, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, वर ब्रेक तापतात ते वेगळंच. गिअरमध्ये उतरताना पेट्रोल पूर्ण बंद."

बाबा खाडकन सरळ बसले.

"बंद? संपलं?"