पंधरा मिनिटांचा बुधवार

आमच्या घरात चिकन कधी करायचं हे आई नाही, भिंतीवरचं कॅलेंडर ठरवतं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवारी रस्सा-भात, त्यात कुणी लुडबुड करायची नाही. राहिले बुधवार आणि शुक्रवार, म्हणजे नेमके मर मर मरायचे दिवस. त्यामुळे 'बिझी दिवसासाठी १५ मिनिटांत चिकन रॅप' असा व्हिडिओ दिसल्यावर मला वाटलं, या बाई नक्की डोंबिवलीच्या असणार.

बुधवारी माझं वर्क फ्रॉम होम असतं आणि 'होम' एवढंच बायकोच्या लक्षात राहतं. तिचा मेसेज आला, गाडी लेट आहे, तूच कर काहीतरी पटकन.

सात वाजता चिकनवाल्याकडे गेलो तर ही रांग. करी कट का बिर्याणी कट? म्हटलं बोनलेस, अर्धा किलो. त्याने दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं, ब्रेस्ट का लेग? मागे सोसायटीतल्या काकू उभ्या, मग मी काही न बोलता नुसतं बोट दाखवलं. नशिबाने ते लेगकडे गेलं, कारण ब्रेस्ट दोन मिनिटं जास्त शिजलं की त्याचं खोडरबर होतं हे मी मागच्या शुक्रवारी शिकलोय.

घरी आलो तेव्हा साडेसात. व्हिडिओतल्या बाईंची १५ मिनिटं इथून सुरू होतात आणि तोवर त्यांचा कांदा चिरलेला, लसूण वाटलेला, दही घुसळलेलं, सगळं काचेच्या इवल्या वाट्यांमध्ये हजर. माझी १५ मिनिटं लसूण सोलण्यातच गेली. वर 'मॅरिनेट करून अर्धा तास ठेवा' हे त्या बाई इतक्या भरकन बोलतात ना, म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटचं वाक्य बोलतात तसं. मी दही, तिखट, हळद, गरम मसाला, मीठ चोळलं आणि दहा मिनिटांत उरकलं.

मग सगळं चिकन एकदम कढईत ओतलं. चर्र असा आवाज यायला हवा होता, आला बुडबुड असा. दह्याचं पाणी, चिकनचं पाणी, कढईत ठाण्याची तलावपाळी. आई मागून म्हणाली, "एवढी गर्दी केल्यावर परतलं कसं जाईल रे, उकडणारच ते. मोठ्या तव्यावर थोडं थोडं टाकायचं, पाणी आटल्याशिवाय रंग येत नाही." पटलं. ठाणे ते डोंबिवली लोकलमध्ये उभं राहिल्यावर आपल्यालापण पाणीच सुटतं, रंग कुठे येतो.

पाणी आटेपर्यंत चिरंजीवांनी विचारलं, बाबा रॅप म्हणजे फ्रँकीच ना? मग मी ज्ञान पाजळलं की अमरजितसिंग टिब्ब नावाच्या माणसाने बैरुतमध्ये पिटा ब्रेडचा रोल खाल्ला आणि तशा धर्तीवर १९६९ मध्ये मुंबईत फ्रँकी आणली, आणि नाव ठेवलं वेस्ट इंडिजचा क्रिकेटर फ्रँक वॉरेलवरून. तो म्हणाला, सचिन का नाही ठेवलं? अरे बाळा, सचिनचा जन्मच १९७३ चा. तेवढ्यात लॅपटॉपवर कुणीतरी माझं नाव घेतलं, मी उलथनं हातात धरून 'यस, वर्किंग ऑन इट' म्हणालो. खोटं नव्हतंच ते.

चिकन शेवटी झालं आणि खरं सांगतो, वास भारी होता. वरून लिंबू, कोथिंबीर, कच्चा कांदा. पण चपात्या सकाळच्या! पहिली गुंडाळली ती मधोमध तडकली, दुसरीचं खालचं टोक उघडं राहिलं आणि सगळा रस टी-शर्टवर. फ्रँकीवाल्याची मैद्याची पोळी ताणली तरी तुटत नाही, आमची कणकेची बाई मानी.

आईला बघवेना. तिने चपात्या तव्यावर गरम करून फडक्यात झाकल्या, दोन मिनिटांत मऊसूत. मग एक ताटात पसरली, मधे चिकन ठेवलं, खालची बाजू वर दुमडली, डावी बाजू घट्ट ओढून आत खोचली, त्यावरून उजवी. मी बघतच राहिलो. "दुपट्यात बाळ गुंडाळतात तसंच आहे," ती म्हणाली. "आधी पाय. तूपण पायच बाहेर काढायचास." आणि हे रॅप म्हणजे काय मोठं, तुला रोज तूप-साखर लावून चपातीची सुरळी करून देत होते तेव्हा कुणी व्हिडिओ काढला नाही.

आठ दुपटी तयार झाली. पावणेनऊ वाजले होते.

बायको आली, हातपाय धुतले, 'अरे वा' म्हणाली, फोटोपण काढला. मग ताटात घेऊन तिने दुपटं सोडलं, चपातीचा तुकडा मोडला, त्यात चिकन धरून दोन घास खाल्ले आणि स्वयंपाकघराकडे बघत विचारलं, "भात नाही लावला?"