खुलासा : गुडघे टेकलेला तो रोमन सम्राट व्हॅलेरियन नव्हे

इराणमधील नक्श-ए-रुस्तम येथील, इराणचा सासानी राजा शापूर याच्या शिल्पाचा फोटो सध्या फिरतो आहे. सोबतचा मजकूर असा : ‘गुडघे टेकून दयेची भीक मागणारा हा सम्राट व्हॅलेरियन. शापूर त्याच्या पाठीवर पाय देऊन घोड्यावर चढत असे.’

फोटो खरा आहे, ओळख चुकली आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते गुडघे टेकलेला माणूस म्हणजे रोमन सम्राट फिलिप. त्याने इ.स. २४४ मध्ये शापूरशी तह केला. व्हॅलेरियन शेजारी उभा आहे. नीट पाहा : घोड्यावरच्या शापूरने त्याचा हात मनगटाशी धरलाय. ‘आम्ही स्वहस्ते व्हॅलेरियनला पकडले’ असे शापूरचा शिलालेख सांगतो, तेच इथे दगडात उतरले आहे. ही घटना इ.स. २६० ची, एडेसाच्या (आजच्या तुर्कस्तानातील) लढाईतली.

म्हणजे सोळा वर्षांच्या अंतराने घडलेले दोन प्रसंग कारागिरांनी एकाच चौकटीत बसवले. हे प्रत्यक्षदर्शी चित्र नव्हेच, हा राजाचा जाहीरनामा आहे. इराणमधल्याच बिशापूरच्या शिल्पांत तर घोड्याच्या टापांखाली तिसरा रोमन सम्राट, गॉर्डियन, पडलेला दिसतो. जागाही विचारपूर्वक निवडलेली : प्राचीन इराणी सम्राट दारियसच्या, त्या वेळीही सातशेहून अधिक वर्षे जुन्या कबरीजवळचा कडा!

पाठीवर पाय देण्याची गोष्ट शापूरची नाहीच. ती सुमारे पन्नास वर्षांनी लॅक्टँटियस या ख्रिस्ती लेखकाने लिहिली, आणि व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता, म्हणजे त्याची मानहानी रंगवण्याचे कारण लेखकाकडे होते. शिल्पात व्हॅलेरियन ताठ उभा आहे. कृपया फोटो पुढे पाठवताना मजकूर बदला.