सहल रद्द करताना नेमकं काय रद्द केलंत?

आज दुपारी लेकीच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला. यंदाची मुक्कामी अभ्यास सहल रद्द. त्याऐवजी शनिवारी हॉलमध्ये 'व्हर्च्युअल टूर' दाखवणार, मुलांनी वही-पेन घेऊन यावं. खाली पटापट अंगठे पडले. 'बरं झालं, परीक्षा तोंडावर आलीय.' 'सुरक्षित पर्याय, आभार.' एकांनी तर लिहिलं, 'तसंही सहलीत मुलं नुसता दंगा करतात.'

ग्रुपवर काही बोलले नाही, बोलले असते तर भांडण झालं असतं. पण डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

दंगा करतात ना? करू देत की! वर्षभर एकमेकांच्या पाठी बघत बसवलेली मुलं आहेत ती. चाळीस मुलांच्या वर्गात आपलं मूल कितीजणांशी खरोखर बोलतं, विचारलंय का कधी घरी? बाकावरचा शेजारी आणि डब्याचे दोन सोबती, संपली यादी.

आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. शेवटचा बाक, मार्क जेमतेम, तोंडातून शब्द नाही. आमची सहल समुद्रकाठी गेली होती, मुक्कामाला. पोचलो त्या संध्याकाळी सरांनी ओहोटीचं पाणी जिथवर मागे गेलं तिथे वाळूत एक काठी रोवायला लावली आणि वेळ वहीत लिहायला सांगितली. पौर्णिमा होती. काठी ठोकत होतो तेव्हा मागच्या टेकडीवरून चंद्र वर येत होता. 'उद्या याच वेळी बघायला यायचं', एवढंच सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वही हातात घेऊन सगळे हजर. काठी पाण्यात! आम्हाला वाटलं सरांचं काहीतरी चुकलं. सर गप्प. आम्ही वाळूत बसून राहिलो, कोणी शिंपले वेचतंय, कोणी कुरकुरतंय. पाणी मागे सरकत सरकत काठी उघडी पडायला पाऊण तासाच्या वर गेला. आणि तेवढ्यात ती मागच्या बाकावरची मुलगी टेकडीकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, चंद्रसुद्धा कालच्यापेक्षा उशिरा आला."

तिथे सरांचा चेहरा बघायला हवा होता.

भरती-ओहोटी चंद्राच्या आकर्षणामुळे होते, हे वाक्य आम्ही सगळ्यांनी घोकलं होतं. मीही, पैकीच्या पैकी मार्कांसकट. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला तिला साधारण ५० मिनिटं जास्त लागतात, म्हणून चंद्र रोज उशिरा उगवतो आणि पाण्याच्या वेळाही पुढे सरकतात. हे सरांनी नंतर वाळूत गोल काढून समजावलं. पण त्या आधी ते एका मुलीला स्वतःचं स्वतः दिसलं होतं, आणि ती वाट बघत बसली होती म्हणून दिसलं होतं. व्हिडिओत तुम्ही पाऊण तास वाट बघायला लावाल का? पाच सेकंदांत पाणी मागे नेऊन दाखवाल, मुलं मान डोलावतील, चला पुढची स्लाइड.

मान्य, अपघात होतात. बातम्या मीही वाचते, आणि लेक बसमध्ये बसली की माझाही जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून बस तपासा, शिक्षक वाढवा, पाण्यात उतरण्याचे नियम कडक करा. रद्द करणं हा सगळ्यात कमी कष्टाचा उपाय आहे.

आणि हो, दहा ठिकाणं एका दिवसात उरकायची, प्रत्येक ठिकाणी ग्रुप फोटो आणि परत बसमध्ये, असल्या सहली खरंच बंद करा. त्यांची बाजू मी घेणार नाही. एकच जागा धरा, तिथे दोन रात्री राहा.

१९०९ साली जर्मनीत आल्टेना गावचे रिचर्ड शिर्मान नावाचे शिक्षक वर्गातल्या मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पाऊस आला आणि सगळ्यांना एका खेड्यातल्या शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत अशा शाळा रिकाम्या असतात, तिथे फिरतीवरच्या मुलांची सोय का होऊ नये, हा विचार त्यांनी त्या रात्री केला. जगभरातली युथ हॉस्टेलं त्यातून उभी राहिली. अडचण आली म्हणून मास्तरांनी सहली बंद केल्या नाहीत, पुढच्या मुलांसाठी छप्पर शोधलं. आणि आपण परीक्षा जवळ आली म्हणून हॉलमध्ये पडदा लावतोय.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. शिक्षकांवर तर माझा राग नाहीच. प्रत्येक थांब्यावर मुलं मोजायची, रात्री कोणाला ताप आला तर उशाशी बसायचं, वर पालकांचे सतरा फोन. हे सगळं करून शाबासकी कोणी देत नाही.

त्या मुलीचं अजून थोडं सांगायचंय. पहिल्या रात्री ती पांघरुणात तोंड खुपसून रडत होती. घराबाहेर झोपायची पहिलीच वेळ. माझी गादी शेजारी होती म्हणून मी उठले, नाहीतर आमचं बोलणं तरी काय होतं? बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तिने घरचं सांगितलं, मी माझं. सकाळी केस विंचरताना तिने हक्काने माझा कंगवा उचलला. आजही माझ्या घरात काही घडलं की पहिला फोन तिलाच जातो. आणि ती सहलीला येणारच नव्हती, हे मला फार वर्षांनी कळलं. घरून पैसे देता येत नव्हते. सरांनी काय केलं कोण जाणे, तिचं नाव यादीत आलं आणि वर्गात कोणालाही पत्ता लागला नाही.

पैशांचा मुद्दा खरा आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर म्हणून तेवढे सरच आहेत.

सोमवारी मी मुख्याध्यापकांना भेटायला जातेय. ज्यांनी अंगठा दिला पण मनातून हळहळले, त्यांनी आज रात्री मला मेसेज करा. शिक्षक कमी पडत असतील तर आपल्यातले काहीजण रजा टाकून बरोबर जाऊ. ज्यांना झेपेल त्यांनी एका जास्तीच्या मुलाचे पैसे भरायचे. ते कोणासाठी भरले, हे फक्त वर्गशिक्षिकेला माहीत असेल. भरणाऱ्यालाही सांगायचं नाही.