फ्यूजन निर्धोक आहे, मग गावाला विचारायचं कशाला?

एक मजकूर बरेच दिवस मोबाइलवर फिरतोय. त्याचा सारांश असा: फ्रान्समध्ये ३५ देश मिळून ‘कृत्रिम सूर्य’ बनवताहेत. त्यात किरणोत्सर्ग नाही, कचरा नाही, स्फोटाची भीती नाही. आजूबाजूच्या गावांना वीज आणि नोकऱ्या मिळणार, कुणाला त्रास नाही. असा प्रकल्प कोकणात आला असता तर जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पासारखा विरोध झाला नसता, लोकांना विचारायची वेळच आली नसती.

फ्यूजनचं, म्हणजे हलके अणू एकत्र जुळवून (संमीलनातून) ऊर्जा मिळवण्याचं संशोधन व्हावं आणि भारताने त्यात पुढे असावं, असं मला मनापासून वाटतं. पण हा मजकूर जिथे संपतो ती गोष्ट धोक्याची आहे, आणि तिथे पोहोचण्यासाठी त्याने वाटेत बरंच खोटं सांगितलंय.

स्फोटाबद्दल मजकूर बरोबर आहे. दक्षिण फ्रान्समधल्या कादाराश इथल्या ‘इटर’ प्रकल्पात (हाच तो ‘कृत्रिम सूर्य’) भट्टीच्या पोटात एका वेळी काही सेकंद पुरेल एवढंच इंधन असेल. जरा काही बिनसलं की प्लाझ्मा, म्हणजे त्या इंधनाचा अतितप्त वायू, आपोआप विझतो. युरेनियमच्या भट्टीतली साखळी प्रक्रिया इथे नाहीच, त्यामुळे ‘हा हायड्रोजन बॉम्बच’ म्हणणारेही चूक आहेत.

‘किरणोत्सर्ग नाही, कचरा नाही’ हे मात्र साफ खोटं. इंधनात हायड्रोजनचे दोन प्रकार असतात, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, आणि त्यातला ट्रिटियम स्वतःच किरणोत्सारी आहे. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षं. वायुरूपात तो धातूतूनही झिरपतो, पाण्यात सहज मिसळतो, म्हणून त्याचा हिशेब ग्रॅमागणिक ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट न्यूट्रॉनची. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या संमीलनातली सुमारे ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात आणि भट्टीच्या भिंतींवर आदळतात. त्यामुळे तिथलं पोलादच किरणोत्सारी होतं. पुढे तेच पोलाद कापायचं, साठवायचं, सांभाळायचं असतं. हजारो वर्षं जपावा लागणारा वापरलेल्या इंधनाचा अतिधोकादायक कचरा इथे तयार होत नाही, हा फ्यूजनचा खरा मोठेपणा. पण कमी कचरा म्हणजे शून्य कचरा नव्हे. इंग्लंडमधल्या कलम इथल्या ‘जेट’ या फ्यूजन यंत्रावरचे प्रयोग डिसेंबर २०२३ मध्ये थांबले. ते यंत्र उतरवून जागा मोकळी करायचं काम २०४० च्या आसपासपर्यंत चालणार आहे.

फ्रेंच सरकारनेही ‘इटर’ला कधी निरुपद्रवी प्रयोगशाळा मानलं नाही. कायद्याने ती अणुप्रकल्पांच्याच यादीत आहे. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या अणुसुरक्षा नियामकाने भट्टीच्या निर्वात पात्राची (ज्यात प्लाझ्मा राहणार त्या भांड्याची) जोडणी रोखून धरली. किरणोत्सर्गापासून बचावाचा हिशेब त्यांना पटला नव्हता, हे त्यातलं एक मोठं कारण. सात भागीदारांच्या (युरोपीय संघ मिळून एकच भागीदार), अब्जावधी युरोंच्या प्रकल्पाचं एवढं मोठं काम एका नियामकाच्या शब्दावर थांबलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गावांना वीज? ‘इटर’ वीज बनवणारच नाही, तिथे जनित्रच नाही. संमीलनातून येणारी उष्णता शीतकरण मनोऱ्यांतून हवेत सोडली जाईल. उलट प्रयोग चालू असताना काही क्षण ६०० मेगावॉटच्या वर वीज ग्रिडमधून ओढली जाईल. खरे प्रयोग सुरू व्हायला २०३४ उजाडेल, ट्रिटियमचा वापर सुरू व्हायला २०३९, असं २०२४ चं सुधारित वेळापत्रक सांगतं.

‘कुणाला त्रास नाही’ हे अर्धसत्य आहे. जागा जुन्या अणुसंशोधन केंद्राला लागून होती, गाव उठवावं लागलं नाही. पण सुमारे ९० हेक्टर जंगल तोडलं गेलं. आणि रस्ता! बेर खाडीपासून कादाराशपर्यंत १०४ किलोमीटरचा मार्ग खास तयार करावा लागला. वळणं रुंद केली, पूल मजबूत केले, चौक बदलले, गावांना वळसे घातले. आपल्या हजिऱ्यात लार्सन अँड टुब्रोने बनवलेले क्रायोस्टॅटचे (भट्टीला बाहेरून वेढणाऱ्या पोलादी कवचाचे) अवाढव्य भाग जहाजाने फ्रान्सला गेले आणि याच रस्त्याने पोहोचले. असा ताफा रात्री निघतो, पोलीस रस्ता बंद करतात, माणूस चालेल त्या गतीने तो गावांच्या कडेने सरकतो. दिवस उजाडायच्या आत बाजूला घेऊन उभा केला जातो आणि रस्ता लोकांना परत मिळतो. हे आपोआप झालेलं नाही, कुणीतरी त्या गावांचा विचार करून आखलंय.

नोकऱ्या मिळाल्या, मानोस्क गावात अनेक भाषांतून शिकवणारी सरकारी आंतरराष्ट्रीय शाळाही उभी राहिली. तो फायदा खराच. मात्र त्यासाठी स्थानिक आणि प्रादेशिक संस्थांनी स्वतःचा पैसाही मोठ्या प्रमाणावर घातला, हे मजकुरात नसतं.

राहिला शेवटचा दावा. तिथे लोकांना विचारलंच नाही का? २००६ मध्ये या प्रकल्पावर सार्वजनिक चर्चा झाली. २०११ च्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत कागदपत्रं ठेवून रीतसर लोकसुनावणी झाली. सरकारची परवानगी आली ती त्यानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये. लोकप्रतिनिधी, पर्यावरण संस्था, कामगार संघटना यांची स्थानिक माहिती समिती आजही प्रश्न विचारते, आणि उत्तर देणं प्रकल्पाला भाग आहे.

जैतापूरची सुनावणी मे २०१० मध्ये झाली. पर्यावरण अहवाल मराठीत वेळेवर हाती आला नाही, ही तेव्हा गावकऱ्यांची तक्रार होती. जवळच्या साखरी नाटे गावच्या मच्छीमारांना धास्ती होती ती समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची. उद्या तिथे विखंडनाऐवजी (युरेनियमचे अणू फोडण्याऐवजी) फ्यूजनचं तेवढ्याच क्षमतेचं वीजकेंद्र आलं, तरी वाफेवर जनित्र फिरवून वीज करायची झाली की वाया जाणारी उष्णता कुठेतरी सोडावीच लागेल. किनाऱ्यावर ती जागा समुद्रच असणार, आणि मासेमारी करणाऱ्याचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहील.